"बाई, हा माझ्याकडे बघतोय!" – पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांसाठी धागा

खोडरबर (धागाकर्ती)

आठ वर्षं मी सातवी-आठवीला गणित शिकवलं. यंदा पहिलीचा वर्ग मिळाला. मोठ्या वर्गांना शिकवणाऱ्या मैत्रिणी म्हणाल्या, "सुटलीस बाई. आता गाणी म्हण आणि चित्रं रंगव." त्यांना अर्धा तास माझ्या वर्गात सोडून बाहेरून कडी लावावी असं हल्ली रोज वाटतं.

आजचा हिशोब देते. हजेरी संपायच्या आत अकरा तक्रारी. गणितवाली असल्यामुळे मोजल्या. "बाई, हा माझ्याकडे बघतोय." "बाई, तिचा हात माझ्या बाकावर आला." "बाई, त्याने माझं नाव घेतलं." (म्हणजे फक्त हाक मारली.) आणि आजची मानाची तक्रार: "बाई, हा मला मनातल्या मनात चिडवतोय." तुला कसं कळलं, असं विचारलं तर म्हणे, "त्याचं तोंड तसं झालंय." बघितलं तर तोंड खरंच तसं झालं होतं. आता या खटल्याचा निकाल काय द्यायचा?

मग एकाचा दात पडला आणि लगेच हरवलाही. चौतीस मुलं बाकांखाली. एकीला सापडला, तो खोडरबराचा तुकडा निघाला. खरा दात ज्याचा त्याच्याच मुठीत होता. ह्यात गणिताचा तास गेला.

उरलेल्या दहा मिनिटांत म्हटलं, "पंचवीस लिहा." निम्म्या वर्गाने ५२ लिहिलं. कालही लिहिलं होतं, परवाही. माझा आवाज चढला. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलाने अगदी शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही कोणाला ओरडताय?" मला खरंच सांगता येईना.

असं सगळं असताना दुपारी एक जण पाणी पिऊन धावत आला. "बाई, दारावर 'ढकला' लिहिलंय!" ते दार तो रोज ढकलतो. आज पहिल्यांदा वाचलं. मग तो सुटलाच. कपाटावरची चिठ्ठी, पेन्सिलीवरची अक्षरं, माझ्या पिशवीवरचं नाव. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हे सगळं इथे आधीपासून होतं?" आठवीच्या कुठल्याही वर्गाने मला असं काही विचारलेलं नाही.

पण धागा काढायचं मुख्य कारण वेगळं आहे. वर्गात एक मुलगी आहे. तीन महिने झाले, तिने शाळेत एक शब्द उच्चारलेला नाही. हजेरीला हात वर करते. वही नीटनेटकी, गणितं बरोबर. आई म्हणते घरी दिवसभर बडबड चालू असते, वर्गातल्या सगळ्यांच्या नकला करून दाखवते, माझीसुद्धा. मी गोडीत सांगून पाहिलं. "एकदा 'हजर' म्हण, चांदणी देते" करून पाहिलं. पुढच्या बाकावर आणलं. सगळ्या वर्गाला गप्प करून "आता आपण हिचं ऐकूया" असंही केलं. त्या दिवशी ती इतकी ताठ झाली की मलाच भीती वाटली.

कोणाला अनुभव आहे का? बाकी मनातलं काहीही लिहा. मला फक्त हे माझ्या एकटीचंच होत नाहीये एवढं वाचायचंय.

मधली_सुट्टी

एकटी? अगं, आमच्याकडे "बाई, त्याने माझ्या सावलीवर पाय दिला" ही तक्रार दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी आभाळ आलं आणि प्रकरण मिटलं.

माझा उपाय लिहिते. वर्गात तक्रारपेटी ठेवली आहे. लिहिता येत नसेल त्याने चित्र काढायचं. शेवटच्या तासाला पेटी उघडायची. होतं काय, तोपर्यंत तक्रारदारालाच आठवत नाही. एकाने चित्रात एक मोठा गोल आणि चार काड्या काढल्या होत्या. विचारलं, हे काय? त्याने बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाला, "छान आलंय." घेऊन गेला घरी.

न बोलणाऱ्या मुलीबद्दल मला काही माहीत नाही. वाचत राहते.

उलटा_चार

दुसरीला शिकवतो. माझ्या नावावरून कळलंच असेल.

पंचवीसबद्दल मुलांची बाजू घेतो. आपण म्हणताना 'पंच' आधी म्हणतो आणि 'वीस' नंतर. लिहिताना दोन आधी आणि पाच नंतर. मूल ऐकलं तसं लिहितं, म्हणजे आपल्यापेक्षा प्रामाणिक. जर्मनमध्येही पंचविसाला 'पाच आणि वीस' अशाच क्रमाने म्हणतात, तेव्हा हा घोळ फक्त मराठीचा नाही. पण आपलं 'एकोण' प्रकरण त्याच्यावर कडी करणारं. एकोणतीस म्हटलं की मुलाला 'तीस' ऐकू येतं आणि ते ३९ लिहून मोकळं होतं. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे सांगितल्यावर एकीने विचारलं, "तीस अजून आलेच नाहीत, मग त्यांचं नाव आधी का घ्यायचं?" आणि ८९ला एकोणनव्वद म्हणायला शिकलेला मुलगा ९९ला ठणठणीत आवाजात 'एकोणशंभर' म्हणतो. त्याचं चुकलं नाही, नियम त्याने अचूक पाळला. आपणच मध्ये नव्व्याण्णव आणून ठेवलंय.

मी करतो ते असं: दहाच्या काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. पंचवीस म्हटलं की आधी गठ्ठे डावीकडे ठेवायचे, मग सुट्या काड्या उजवीकडे, आणि मगच पेन्सिल उचलायची. हाताला क्रम कळला की कानाचा गोंधळ कमी होतो. पंधरा दिवस लागतात. कधी महिना.

उलटे आकडे, आरशातली अक्षरं याचाही पहिलीत बाऊ करू नका. सहा-सात वर्षांपर्यंत पुष्कळ मुलं असं लिहितात. खुर्ची उजवीकडून पाहा नाहीतर डावीकडून, ती खुर्चीच राहते. जगातल्या बहुतेक वस्तू अशाच. फक्त अक्षरं आणि आकडे दिशा बदलली की बिघडतात, हे मुलाला नव्याने शिकावं लागतं. पुढच्या इयत्तांतही तसंच राहिलं आणि वाचनही अडखळत असेल, तर मात्र तज्ज्ञाला दाखवावं.

आणि फळ्यावरचं चुकीचं उतरवणाऱ्या मुलाला रागवायच्या आधी एकदा त्याला पुढे बसवून बघा. माझ्या वर्गातल्या एका 'निष्काळजी' मुलाला चष्म्याची गरज होती. मी त्याला चार महिने निष्काळजी म्हणत होतो. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

मागचा_बाक

शिक्षक नाही, पालक आहे. राग मानू नका, पण सहा वर्षांच्या पोरांना सांभाळणं हे इतकं अवघड कसं काय? अर्धा दिवस शाळा, वर सुट्ट्या. ऑफिसात आम्हालाही तक्रारी ऐकाव्या लागतातच की.

उलटा_चार

@मागचा_बाक, तुमच्या ऑफिसात तक्रार करणारा माणूस बोलता बोलता तुमच्या शर्टाला नाक पुसतो का?

मधली_सुट्टी

😂😂 आणि "मला शू लागली होती" असं भूतकाळात सांगतो का?

जुनी_बाई

आता निवृत्त आहे. एकतीस वर्षं पहिली-दुसरीच शिकवली, मागूनही दुसरा वर्ग घेतला नाही.

मागचा_बाक यांना गंभीर उत्तर देते, कारण प्रश्न अनेकांच्या मनात असतो, ते निदान उघड विचारतात. दमायला होतं ते मुलं लहान असतात म्हणून नव्हे. दमायला होतं कारण क्षणभरही लक्ष काढून घेता येत नाही. एकाला र शिकवत असताना दुसऱ्याच्या हातात कात्री आहे का, तिसरी मघापासून बाहेर गेलीय ती आली का, चौथा आज गप्प का, हे सगळं एकाच वेळी डोक्यात चालू असतं. आणि र तरी साधा आहे का? कर्म, क्रम, ट्रक, कैऱ्या: र एकच, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेषात. हे त्यांना कंटाळा न येऊ देता सांगायचं, आणि आपण हे हजाराव्यांदा सांगतोय असं चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही.

आता खोडरबर, तुझ्या अकरा तक्रारी. मधली_सुट्टीची पेटी गमतीची आहे, पण मला पूर्ण पटत नाही. या वयाचं मूल तक्रार करतं तेव्हा प्रत्येक वेळी त्याला न्याय हवा असतोच असं नाही. पुष्कळदा ते नियम तपासत असतं. ज्याँ पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ गोट्या खेळणाऱ्या मुलांजवळ बसून त्यांना नियम विचारायचा. १९३२ साली त्याने जे मांडलं त्यात हे होतं की लहान मुलांना नियम वरून आलेले, कोणालाही न बदलता येणारे वाटतात. "बाकावर हात टाकायचा नाही" असं तूच सांगितलेलं असतं. तो हात आला, तर जगाची घडी मोडली की नाही, एवढंच ते तुला विचारायला येतं. "हो, मला दिसलं" एवढं म्हटलं की दहातली सात जणं जागेवर जातात. उरलेल्या तिघांपैकी एकाला खरंच कोणीतरी त्रास देत असतं. तो एक पेटीत अडकून राहू नये म्हणून मला पेटी नको वाटते.

त्या मुलीबद्दल: चांदण्या बंद कर. आजच. आणि "आता हिचं ऐकूया" हे पुन्हा कधीही करू नकोस. माझ्याकडून हे एकदा झालेलं आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

मधली_सुट्टी

पेटीबद्दल पटलं. म्हणजे अर्धं पटलं. उद्यापासून "कोणाला लागलं असेल, कोणी घाबरलं असेल तर पेटी नाही, थेट मी" असं सांगते.

मागचा_बाक

ठीक आहे, शस्त्रं खाली ठेवतो. खरं सांगायचं तर मागच्या महिन्यात मुलाच्या वाढदिवसाला नऊ मुलं घरी आली होती. दोन तास. बायको बाहेर गेली होती आणि मी एकटा. त्यानंतर मी बाल्कनीत जाऊन वीस मिनिटं नुसता उभा होतो. चौतीस म्हणजे काय याचा अंदाज आला.

पण एक खरा प्रश्न. मुलाला "आज शाळेत काय केलं?" विचारलं की रोज एकच उत्तर, "काही नाही." तुम्ही नक्की काय करता?

उलटा_चार

"काही नाही" म्हणजे दिवस बरा गेला. "आज कोणाची पेन्सिल हरवली?" असं विचारून बघा. तासभर थांबणार नाही.

जागी_चिमणी

बरेच दिवस फक्त वाचत असते. आज खातं उघडून लिहितेय, कारण खोडरबर यांच्या वर्गातली मुलगी मी होते.

मी शिक्षिका नाही. शाळेत पहिली दोन वर्षं मी बोलले नाही. घरी मला गप्प करावं लागायचं. शाळेच्या पायऱ्या चढल्या की घसा आतून बंद व्हायचा. हे मी अलंकारिक लिहीत नाहीये. शब्द तयार असायचे, उत्तर माहीत असायचं, आणि गळ्यापाशी काहीतरी मिटायचं. मोठी माणसं म्हणायची, "तोंडात मिठाची गुळणी धरली आहेस का?" कोणी म्हणायचं हट्टी आहे, कोणी म्हणायचं आईने लाडावून ठेवलीय. हट्ट करायला आधी पर्याय असावा लागतो. मला तो नव्हता.

मोठी झाल्यावर कळलं की याला नाव आहे, सिलेक्टिव्ह म्यूटिझम. पूर्वी त्याला 'इलेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे मूल स्वतःहून न बोलणं पत्करतं असा अर्थ. १९९४मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत तो शब्द बदलला. एका शब्दाचा फरक, पण मी तो वाचला तेव्हा रडले होते. हा भीतीचा, चिंतेचा प्रकार आहे. शाळेचा पहिला महिना धरत नाहीत, कारण नव्या जागी कोणतंही मूल बुजतं. पण त्यानंतरही महिनाभरापेक्षा जास्त चाललं तर लक्ष द्यायला हवं. तुमचे तीन महिने झालेत. तेव्हा आई-वडिलांना बालमानसतज्ज्ञाकडे जायला सांगा, आणि कानही तपासून घ्यायला सांगा. वाट बघत बसू नका.

वर्गात काय चालेल ते माझ्या बाजूने सांगते.

माझ्यासमोर बसून माझ्या डोळ्यांत बघत प्रश्न विचारला की संपलं. पण शेजारी बसून, आम्ही दोघी एकाच चित्राकडे बघत असलो, की गळा सैल व्हायचा. माझ्या दुसऱ्या बाई तेच करायच्या. प्रश्न विचारायच्याच नाहीत. स्वतःशी बोलल्यासारखं म्हणायच्या, "हे घर तू निळं केलंस. खिडकीत कोण आहे कोण जाणे." आणि थांबायच्या. खूप थांबायच्या. नाही बोलले तरी चेहरा पडायचा नाही. रंगपेटी उचलून पुढे जायच्या.

आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्या आईला बोलवायच्या. आई आणि मी खेळायचो, बोलायचो, त्या दाराबाहेर असायच्या. काही दिवसांनी दारात. मग कपाटापाशी काहीतरी आवरत. मग दोन बाक सोडून. त्या जवळ येत होत्या हे मला कळत होतं. पण त्या कपाट आवरत होत्या ना, माझ्याकडे बघत नव्हत्या.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ती बोलेल त्या दिवशी टाळ्या वाजवू नका. "अय्या, बोलली!" म्हणू नका. मुलांनाही म्हणू देऊ नका. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा बाई फक्त "बरं" म्हणाल्या होत्या. त्या "बरं"वर मी दुसरं वाक्य बोलले.

खोडरबर

@जागी_चिमणी, तुमचा प्रतिसाद चार वेळा वाचला. चांदण्यांची पट्टी आज कपाटात टाकली. "आता हिचं ऐकूया"वाला प्रसंग मात्र कपाटात टाकता येत नाहीये.

आईशी बोलले. त्यांना आधी वाटलं मी तक्रार करतेय. मग त्याच रडायला लागल्या. घरचे सगळे त्यांनाच दोष देतात म्हणे. तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. सोमवारपासून शाळा सुटल्यावर वीस मिनिटं त्या वर्गात येणार. मी कपाट आवरणार. कपाट आधीच आवरलेलं आहे, म्हणून आज मुद्दाम विस्कटून आले.

जुनी_बाई

शाबास. थांबण्याबद्दल एक भर घालते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या. त्यांनी १९७०च्या दशकात वर्गातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही. वर्गात उभं राहून थांबून बघा, युग वाटतं. मी मनातल्या मनात साडीच्या निऱ्या मोजायचे.

उलटा_चार

निऱ्या नाहीत, शर्टाची बटणं मोजतो. चालतंय.

बटणांवरून आठवलं. पियाजेचाच तो प्रसिद्ध प्रयोग माझ्या पुतणीवर केला. सहा बटणं एका ओळीत, सहा तिच्यासमोर दुसऱ्या ओळीत. दोन्ही सारखी? "हो." मग एक ओळ तिच्यादेखतच पसरून लांब केली. आता? "ही जास्त." मोजून घेतली. सहा आणि सहा. मग जास्त कुठली? "हीच. दोन्ही सहा आहेत, पण हिचे सहा मोठे आहेत." ह्यावर मला काय बोलावं सुचलं नाही. संख्या आणि लांबी वेगळी व्हायला वेळ लागतो, तोपर्यंत आपण कितीही घसा फोडा. आणि घसा फोडूच नका, हे चार वर्षांपूर्वी आवाज पूर्ण बसल्यावर शिकलो. आठवडाभर कुजबुजत शिकवलं. वर्ग इतका शांत कधीच नव्हता, कारण सगळे माझ्याबरोबर कुजबुजत होते.

मधली_सुट्टी

अवांतर, पण लिहितेच. आज एकाने विचारलं, "बाई, मी अभ्यास करला, आता जाऊ?" मी 'केला' म्हणून सुधारलं. त्याने मान डोलावली. "हो, केला. काल पण करला होता."

हे 'करला' कोणी मोठा माणूस त्याच्यापुढे म्हणत असेल असं वाटत नाही. भर-भरला, धर-धरला, मग कर-करला. जीन बर्को या भाषा-अभ्यासकांनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून 'वग' असं त्याचं नाव सांगितलं. मग दोन प्राणी दाखवून हे काय, असं विचारलं. कधी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोबर केलं, म्हणजे ती नुसती पाठ करत नव्हती, नियम वापरत होती. आमचा करलावाला पण त्याच जातीचा. मी सुधारते, पण थोडं वाईट वाटतं. दोनेक वर्षांत सगळे 'केला' म्हणतील.

मागचा_बाक

माझ्या मुलाला "किती हुशार आहेस!" म्हणत राहावं असं मला कायम वाटत आलंय. इथे कोणी चांदण्या बंद करायला सांगतंय. मग कौतुक करायचं की नाही?

जुनी_बाई

करायचं हो. भरपूर करायचं. पण कशाचं, ते बघायचं. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. "हुशार आहेस" ऐकलेली मुलं पुढे अवघड कोड्यांत अडली की लवकर खचली. "मेहनत घेतलीस" ऐकलेली टिकून राहिली. मला स्वतःला मेहनतीचाही जप करायला आवडत नाही, मुलांना तोही खोटा वाटतो. मी फक्त जे दिसलं ते सांगायचे: "खोडलंस आणि पुन्हा लिहिलंस." त्यावर मूल जे हसतं, ते चांदणीवर हसत नाही.

आमच्या वेळी छड्या होत्या, तेव्हा कोणी एवढा विचार केला नाही, असं आता कोणीतरी लिहील. म्हणून आधीच सांगते, छडीने मुलं फक्त छडी कुठे ठेवली आहे ते शिकतात.

जागी_चिमणी

@खोडरबर, काही कळवलं नाहीत? घाई नाही. सहजच विचारलं.

खोडरबर

मुद्दाम लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि घडायला हवं असा घोशा मी मनाशी लावला असता तर तिला कळलं असतं.

सहा आठवडे झाले. तज्ज्ञांच्या दोन भेटी झाल्या. कान व्यवस्थित आहेत. त्यांनी सांगितलेल्या पायऱ्या जवळजवळ जागी_चिमणी यांनी लिहिल्यासारख्याच. पहिला आठवडा मी दाराबाहेर. आतून आवाज यायचा आणि मी बाहेर फरशीवर बसून ऐकायचे. इतका घोगरा, दणदणीत आवाज असेल असं वाटलं नव्हतं. ती आईला वर्ग शिकवत होती. "पंचवीस लिहा. काय हे, पुन्हा बावन्न?" हुबेहूब मी. ते ऐकून दोन दिवस वर्गात माझा आवाज आपोआप खाली आला.

तिसऱ्या आठवड्यात मी कपाटापाशी. ती एकदम थांबली. मी पुस्तकांची एक थप्पी इकडून तिकडे केली, तिकडून इकडे केली. सातेक मिनिटांनी तिने आईच्या कानात काहीतरी सांगितलं. चौथ्या आठवड्यात कानात सांगणं थोडं मोठ्याने झालं. पाचव्यात काहीच नाही, उलट मागे गेलो, एक सुट्टी मध्ये आली होती. त्या आठवड्यात मी फार चिडचिड केली. वर्गावर नाही, घरी.

दरम्यान बाकी वर्ग चालूच होता. पंचवीसला ५२ लिहिणारे आता चारच उरलेत, काड्यांचे गठ्ठे कामी आले. ज्याने 'ढकला' वाचलं त्याने माझ्या वहीत उघडं राहिलेलं पान वाचून सगळ्या वर्गाला "बाईंना उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचंय" असं जाहीर केलं. त्यानंतर माझा कोणता दात पडणार यावर चर्चा झाली. तिघांनी आपापले पडलेले दात देऊ केले.

आणि मंगळवारी. मी एकाच्या बुटाची नाडी बांधत खाली बसले होते. आजूबाजूला नेहमीचं चालू होतं, बाई हा असं करतोय, बाई ती तसं. मी न बघता "हो, मला दिसलं, हो, मला दिसलं" म्हणत होते. मागून घोगऱ्या आवाजात आलं, "बाई, हा माझी पेन्सिल घेतो."

नाडी माझ्या हातातून सुटली. आवाज ओळखीचा होता, पण दाराआडून ऐकलेला. वळायचं नाही, वळायचं नाही, असं स्वतःला सांगितलं. शेजारच्या मुलाने तोंड उघडलं, तो काहीतरी ओरडणार होता. त्याच्या पायावर मी हात ठेवला. (बुटाची नाडी त्याचीच होती, देवाची कृपा.) आणि म्हणाले, "बरं."

तर ती पुढे म्हणते, "रोज घेतो."

तीन महिने माझा जीव खाणाऱ्या तक्रारी, आणि त्यातली एक ऐकून मी नाडीची गाठ तीनदा चुकले.

जागी_चिमणी

मी ऑफिसात वाचतेय. शेजारचे विचारताहेत काय झालं.

मधली_सुट्टी

🥹 "रोज घेतो." किती दिवस साठवून ठेवलं असेल तिने!

उलटा_चार

तज्ज्ञांच्या भेटी मात्र थांबवू नका. एका माणसाशी, एका जागी बोलणं सुरू झालंय. हजेरी, इतर शिक्षक, मैदान हे सगळं अजून बाकी असेल. माझ्या वर्गातल्या एकाचं असंच होतं, त्याला वर्षभर लागलं.

खोडरबर

हो, चालू आहेत. हजेरीला अजून हातच वर करते. मीही काही म्हणत नाही.

जुनी_बाई

ते सगळं ठीक. तिची पेन्सिल परत मिळाली का?

खोडरबर

मिळाली. टोक मोडलेली होती. त्याचीही तक्रार आली.